सल्ला सदर: ‘डॉक्टरांसमोर बसलं की माझं सांगायचं राहूनच जातं’

पत्र:

ताई नमस्कार, नातीकडून टाइप करून घेतेय, चुकलंमाकलं समजून घ्या. माझं वय ७३, आम्ही मिरजेजवळ राहतो. बीपी जुनंच आहे. दिवाळीनंतर डॉक्टरांनी गोळी ५ ची १० केली, स्ट्रिपवर ॲम्लोडिपिन लिहिलंय असं नात सांगते. त्यानंतर पावलं सुजायला लागली, संध्याकाळी चप्पल घट्ट होते. मुलाने ते सांगितलं तर लघवीची गोळी दिली, ती मी रात्री जेवणानंतर बाकीच्या गोळ्यांबरोबर घेते. आता रात्रीत तीन-चारदा उठावं लागतं आणि उठलं की गरगरतं. मागच्या महिन्यात बाथरूममध्ये पडले, घरात नातीशिवाय कुणाला माहीत नाही, तिला शपथ घातलीय, नाहीतर माझं देवळात जाणंसुद्धा बंद करतील. डॉक्टरांना गरगरण्याचं सांगायला गेले तर म्हणाले, आजी, वय झालं आता, थोडंफार चालायचंच, आणि मुलाशी बोलायला लागले. घाबरून मी बीपीची गोळी परस्पर एक दिवसाआड केलीय. हे डॉक्टर आमच्या घरचेच आहेत, यजमान शेवटच्या दुखण्यात होते तेव्हा रात्री दोन वाजता घरी आले होते, अशा माणसाला उलट प्रश्न कसा विचारायचा? मुलगा म्हणतो आई तू मध्ये बोलू नकोस, त्यांना घाई असते. पुढच्या महिन्यात परत जायचंय. काय करू?

उत्तर:

काकू, नमस्कार.

आधी एकच गोष्ट सांगते, बाकीचं नंतर निवांत वाचलंत तरी चालेल. पुढच्या महिन्यापर्यंत थांबायचं नाही. उद्या सकाळी दवाखान्यात फोन लावायचा आणि याच आठवड्यातला नंबर मागायचा. कंपाउंडर विचारेल काय होतंय, तर ‘जरा बरं नाही’ असं म्हणू नका, सरळ म्हणा, ‘मी बाथरूममध्ये पडले आणि उठलं की चक्कर येते.’ पडले म्हटल्यावर नंबर लवकर मिळतो. पडलात तेव्हा डोक्याला लागलं होतं का ते तुम्ही लिहिलेलं नाही. लागलं असेल, नुसतं टेंगूळ आलं असेल तरी सांगा, कारण या वयात कधीकधी डोक्याच्या आत हळूहळू रक्त साचत जातं आणि त्याचा त्रास कित्येक आठवड्यांनी दिसायला लागतो, डोकं दुखत राहतं, झापड येते, चालताना एका बाजूला झोक जातो, बोलताना शब्द सापडत नाहीत. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर जास्तच सांभाळायला हवं. यातलं काही होत असेल तर फोनबिन करत न बसता आजच दवाखाना गाठा.

आणि नातीला घातलेली शपथ आजच सोडवा. त्या पोरीच्या जिवाला किती घोर लागला असेल विचार करा, आजी रात्री उठली की ती आतल्या खोलीत जागी होत असेल. देवळात जाणं बंद होईल या भीतीने तुम्ही लपवलंत हे मला समजतं, खूप जणी लपवतात, पण परत पडलात आणि खुब्याचं हाड मोडलं तर देऊळ खरंच बंद होईल. मुलाला सांगताना सोबत हेही सांगा की मला घरात बसवून ठेवू नका, मी का पडले ते शोधून काढूया.

आता गोळ्यांचं, कारण तुमच्या पत्रातली खरी गोष्ट तिथेच आहे असं मला वाटतं. मी डॉक्टर नाही, बरीच वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, त्यामुळे ही गोळी बंद करा ती चालू करा असं मी सांगणार नाही आणि तुम्हीही परस्पर करू नका. पण डॉक्टरांना काय विचारायचं ते नक्की सांगू शकते. ॲम्लोडिपिन चांगली गोळी आहे, स्वस्त आहे, असंख्य लोक घेतात, तिची भीती धरू नका. मात्र घोटे आणि पावलं सुजणं हा तिचा अगदी माहितीतला त्रास आहे, ५ पेक्षा १० ला जास्त दिसतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. होतं काय की त्या गोळीने बारीक रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांतून पाणी आजूबाजूला झिरपतं आणि दिवसभर पाय खाली सोडून बसलं की घोट्यापाशी साठतं. म्हणजे अंगात पाणी जास्त झालंय म्हणून आलेली ती सूज नसते, त्यामुळे लघवीच्या गोळीने ती फारशी उतरतही नाही. लघवी मात्र वाढते. तुम्ही ती गोळी रात्री जेवून घेताय म्हणजे तिचा सगळा जोर ऐन झोपेत येतो, तुम्ही अंधारात उठता, वर दोन्ही गोळ्यांनी उभं राहिल्यावर बीपी पटकन खाली येऊ शकतं, मग गरगरणं आलं आणि पडणं आलं.

एका गोळीचा त्रास हा नवीन आजार समजून त्यावर दुसरी गोळी, दुसरीच्या त्रासावर तिसरी, हे वयस्कर माणसांच्या बाबतीत इतकं सर्रास होतं की त्यावर जगभर अभ्यास झालेत आणि त्यात ॲम्लोडिपिन, पायाची सूज आणि लघवीची गोळी हे उदाहरण नेहमी देतात. तुमच्या गरगरण्यावर चक्करची तिसरी गोळी यायच्या आत बोलायचंय. आता पाय सुजायला हृदय, किडनी, थायरॉइड अशी दुसरी कारणंही असतात, ती डॉक्टरांनीच तपासून बघायची, म्हणून डॉक्टरांकडे जाताना ‘तुमची गोळी चुकली’ असं घेऊन जाऊ नका, प्रश्न घेऊन जा.

कारण डॉक्टरांच्या बाजूने बघा ना काकू. त्यांना काय माहितीये? पावलं सुजली एवढंच, तेही मुलाकडून, आणि गरगरण्याचं अर्धवट ऐकलेलं. पडलात हे माहीत नाही, रात्री तीन-चारदा उठता हे माहीत नाही, लघवीची गोळी रात्री घेता हे माहीत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बीपीची गोळी एक दिवसाआड घेता हे माहीत नाही. पुढच्या खेपेला बीपी जास्त लागलं तर ते काय समजतील? १० ने भागत नाही, अजून एक गोळी जोडा. आणि मग एखाद्या दिवशी सुनेने डबीत भरून ठेवलेल्या सगळ्या गोळ्या तुम्ही नेमाने घेतल्यात तर बीपी एकदम केवढं खाली जाईल. म्हणून हे लपवलेलं पहिल्यांदा बाहेर काढा. ‘डॉक्टर, मला गरगरत होतं म्हणून घाबरून मी गोळी एक दिवसाआड घेतली, तुम्हाला विचारायला हवं होतं.’ रागावले तर रागावू देत, एक मिनिट रागावतील आणि मग कामाला लागतील. गोळी चुकवणारे पेशंट त्यांनी रोज बघितलेले असतात, न सांगणाऱ्यांचीच त्यांना अडचण होते.

आता ‘वय झालं’ याचं काय करायचं. हे वाक्य ऐकलं की आपल्या पिढीतल्या बायका मान खाली घालतात, जणू वय वाढणं हा आपलाच काहीतरी अपराध आहे. मान खाली घालू नका, आवाजही चढवू नका, एवढंच म्हणा: ‘डॉक्टर, वय तर मागच्या वर्षीही होतं, हे गोळी वाढवल्यापासून सुरू झालंय.’ हे वाक्य पाठ करून ठेवा. कोणताही बरा डॉक्टर यावर थांबणार, कारण कधीपासून आणि कशानंतर हीच माहिती त्यांना निदानाला लागते आणि ती तुमच्याशिवाय कुणाकडे नाही. वयामुळे गुडघे कुरकुरतात, ऐकू कमी येतं, हे खरं. पण काही आठवड्यांत नवीन सुरू झालेली चक्कर, अचानक कमी झालेली भूक, नव्याने आलेला विसराळूपणा, रात्रीत चार वेळा लघवी, यातलं काहीही नुसतं वयाच्या खात्यात टाकून मोकळं व्हायचं नसतं, त्यामागे बऱ्याचदा साधं, सापडणारं, दुरुस्त होणारं कारण असतं.

वेळेचं मात्र तुमचा मुलगा म्हणतो ते खरं आहे. २०१७ मध्ये ६७ देशांतल्या डॉक्टरांच्या तपासणीच्या वेळेचा एकत्र अभ्यास छापून आला होता, स्वीडनमध्ये एका पेशंटला साडेबावीस मिनिटं मिळत होती, बांगलादेशात ४८ सेकंद, आणि आपल्याकडे दोन मिनिटांच्या आसपास. त्याच्याही आधी १९८४ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी तपासणीच्या टेप ऐकून मोजलं होतं की पेशंट बोलायला लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मध्ये बोलतात. म्हणजे ही गोष्ट तुमच्या एकट्या डॉक्टरांची नाही. पण त्यातून आपण काय घ्यायचं, तर पहिलं वाक्य वाया घालवायचं नाही.

आणि आपल्या बायका नेमकं तेच वाया घालवतात. ओपीडीत मी हे इतक्या वेळा बघितलंय. डॉक्टर विचारतात काय होतंय आजी, आजी पदर सारखा करत म्हणतात, काही नाही, तसं बरं आहे. डॉक्टर बीपी बघतात, मागच्याच गोळ्या लिहितात, केसपेपर हातात देतात, तोवर पुढचा पेशंट आत येऊन उभा असतो. आजी उठतात, पडद्याला हात लावतात आणि तिथून मागे वळून म्हणतात, ते जरा जिना चढताना छातीत भरल्यासारखं होतंय. सगळ्यात महत्त्वाचं वाक्य दारात. चांगले डॉक्टर पेन खाली ठेवून परत बसवतात, पण दुपारचा एक वाजलेला असतो, बाहेर पन्नास माणसं असतात, प्रत्येक वेळी ते होत नाही. काकू, दारातलं वाक्य खुर्चीत बसल्या बसल्या बोलायचं. ‘नमस्कार डॉक्टर, बरं आहे’ हे राहू दे, ते निघताना म्हणा.

त्यासाठी आदल्या रात्री नातीला कागद घेऊन बसवा. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला मोठ्या अक्षरात चारच ओळी लिहून घ्या, पानभर नको, पानभर कोणी वाचत नाही. तुमच्यासाठी त्या अशा होतील: मी मागच्या महिन्यात बाथरूममध्ये पडले. उठलं की गरगरतं, रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागतं. पावलांची सूज १० ची गोळी सुरू झाल्यावर आली, आधी नव्हती. गोळी मी एक दिवसाआड घेतेय. बस. खाली तुमचे प्रश्न: ही सूज गोळीमुळे असेल का, गोळी कमी किंवा बदलता येईल का, लघवीची गोळी लागणारच असेल तर सकाळी घेतली तर चालेल का, आणि माझं बीपी उभं करून पण बघाल का. हा शेवटचा प्रश्न विसरू नका, कारण बीपी कायम खुर्चीत बसवून घेतात. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर तुमच्या गरगरण्याचं कारण तिथेच सापडेल. आणि लघवीच्या गोळीने रक्तातलं सोडियम, पोटॅशियम उतरू शकतं, वयस्कर माणसात जास्तच, सोडियम उतरलं की गळून जायला होतं, गोंधळल्यासारखं होतं, तोल जातो, म्हणून ती रक्ताची साधी तपासणी करायची का हेही विचारा. कागद टेबलावर ठेवा, डॉक्टरांकडे सरकवा. बोलताना गळा दाटून आला, विसरायला झालं तरी कागद बोलेल.

सोबत पिशवी न्या. घरात जेवढ्या गोळ्या आहेत तेवढ्या सगळ्या, स्ट्रिपसकट, कापून ठेवलेले तुकडेसुद्धा. यात डॉक्टरांनी न दिलेल्याही आल्या, म्हणजे गुडघेदुखीला मेडिकलवाल्याकडून तशीच आणलेली गोळी, सर्दीची गोळी, शेजारणीने दिलेली झोपेची अर्धी गोळी, चूर्ण, काढा, सगळं. तुम्ही पत्रात दुखण्याच्या गोळीबद्दल लिहिलं नाहीये पण ७३ व्या वर्षी गुडघे दुखत नाहीत अशी बाई मला तरी भेटलेली नाही. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अशा गोळ्या नेमाने घेतल्या तर बीपी वाढतं, अंगावर सूज येते, किडनीवर ताण पडतो, आणि लघवीच्या गोळीच्या जोडीला तर तो ताण आणखी वाढतो. सर्दीच्या कित्येक गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाला गुंगी येते, बद्धकोष्ठ होतं, लघवी अडते. झोपेच्या गोळीने रात्री उठताना तोल जातो. हे सगळं डॉक्टरांच्या टेबलावर एकत्र आलं तरच त्यांना चित्र दिसतं, नाहीतर ते अर्ध्या माहितीवर गोळ्या लिहितात. पिशवी उपडी करायला लाज वाटू देऊ नका. कधीकधी त्या पिशवीतून दोन-तीन गोळ्या कायमच्या कमी होतात आणि माणूस ताजातवाना होतो हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आता मुलाचं. त्याच्यावर रागावू नका, तो कामाचा अर्धा दिवस मोडून तुम्हाला घेऊन जातो, त्याला काळजी आहे, फक्त त्याला वाटतं तो पटकन सांगेल तर काम पटकन होईल. पण तुमचं गरगरणं त्याला कसं कळणार, ते तुमच्या डोक्यात होतं. हे दवाखान्यात डॉक्टरांसमोर सांगायला गेलात तर त्याला अपमान वाटेल, म्हणून आदल्या रात्री जेवताना सांगा, ‘उद्या आधी मी सांगणार, माझं झालं की काही राहिलं असेल तर तू भर घाल, आणि डॉक्टर जे सांगतील ते तू लिहून घे.’ त्याला काम द्या. नुसतं गप्प बस म्हटलं तर तो गप्प बसणार नाही, लिहून घ्यायचं काम दिलं तर त्याचीही मदत होईल. आणि डॉक्टर परत त्याच्याशी बोलायला लागले तर हात जरा वर करून म्हणा, ‘डॉक्टर, मला सांगा, गोळ्या मी घेते.’ कानाने कमी ऐकू येत असेल तर तेही सांगून टाका, मास्क लावून, कॉम्प्युटरकडे बघत बोललेलं कितीतरी जणांना ऐकूच जात नाही आणि मग नुसत्या माना डोलावतात.

एक अजून. काही गोष्टी मुलासमोर सांगवत नाहीत, खोकलं की लघवी सुटते, खाली आग होते, अंग बाहेर आल्यासारखं वाटतं, रात्री रडायला येतं. कितीतरी बायका वर्षानुवर्षं पॅड नाहीतर जुनी फडकी घेऊन दिवस काढतात कारण दवाखान्यात मुलगा शेजारी असतो. ‘मला डॉक्टरांशी दोन मिनिटं एकटीला बोलायचंय, तू बाहेर थांब’ असं म्हणण्यात काहीही वावगं नाही. ते जड जात असेल तर त्या दिवशी सुनेला न्या, लेक जवळ असेल तर तिला, नाहीतर एखादी मैत्रीण. पुरुष डॉक्टरांना सांगायला नको वाटत असेल तर बाई डॉक्टरांची चिठ्ठी मागा, देतात.

आणि मुलाची सही म्हणजे तुमची सही नव्हे, हे पक्कं लक्षात ठेवा. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने समीरा कोहली या बाईंच्या खटल्यात निकाल दिला होता. त्या दुर्बिणीतून तपासणी करायला टेबलावर गेल्या होत्या, भूल दिलेली असताना डॉक्टरांच्या माणसाने बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय काढून टाकलं. कोर्टाने सांगितलं की जाणत्या, शुद्धीवर येणार असलेल्या माणसाच्या बदली आईची संमती चालणार नाही, जिवाला लगेच धोका नसेल तर थांबायचं आणि तिलाच विचारायचं, आणि तपासणीची परवानगी म्हणजे ऑपरेशनची परवानगी होत नाही. सज्ञान बाईच्या बदली आईला संमती देता येत नसेल तर आईच्या बदली मुलाला कुठून देता येणार? तुमचं डोकं शाबूत आहे तोवर तुमच्या अंगाचा निर्णय तुमचा. मुलाशी बोला, त्याचं ऐका, पण फॉर्म तुमच्या हातात आला पाहिजे, आणि चष्मा घरी राहिला असेल तर ‘वाचून दाखवा, मग सही करते’ म्हणायचं.

हक्कांचं अजून थोडं, भांडायला नाही, खुर्चीत ताठ बसता यावं म्हणून. डॉक्टरांसाठी २००२ ची जी आचारसंहिता आहे तिच्यात लिहिलंय की पेशंटने आपले कागद मागितले तर ७२ तासांत द्यायचे. त्याच नियमांप्रमाणे गोळीचं मूळ नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या लिपीत लिहायचं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेली रुग्णहक्कांची सनद केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१८ मध्ये पुढे ठेवली, तिच्यात आजाराची माहिती आपल्याला कळेल अशा भाषेत मिळणं, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं, गोळ्या कुठून घ्यायच्या ते आपण ठरवणं हे सगळं आहे. महाराष्ट्रात २०२१ मध्ये नर्सिंग होमचे नियम बदलले तेव्हापासून खाटा असलेल्या खाजगी हॉस्पिटलांनी अशी सनद लोकांना दिसेल अशी लावायची आहे, पुढच्या वेळी कुठल्या हॉस्पिटलात गेलात तर भिंतीवर बघा.

आता तुम्हाला सगळ्यात जड गेलेली गोष्ट, रात्री दोन वाजता आलेले डॉक्टर. काकू, ते उपकार तुम्ही मानताय हे तुमचं मोठेपण आहे आणि ते मानायलाच हवेत. पण जो माणूस तुमच्या यजमानांसाठी रात्री उठून आला तो तुम्ही पडलात हे ऐकून रागावेल असं तुम्हाला खरंच वाटतं? मला नाही वाटत. उलट तुम्ही पडलात आणि सांगितलं नाहीत हे त्यांना दुसरीकडून कळलं तर त्यांना जास्त लागेल. तुम्ही तेच म्हणा, ‘डॉक्टर, तुम्ही आमच्या घरचे आहात, म्हणून मनातलं सगळं सांगतेय.’ आपल्याकडे डॉक्टरला देव मानायची पद्धत आहे, पण देवाला निदान आपण गाऱ्हाणं घालतो, डॉक्टरांसमोर मात्र मुकाट बसतो. प्रश्न विचारणं म्हणजे उलट बोलणं नाही. बरेचसे डॉक्टर, विशेषतः जुने, प्रश्न विचारणाऱ्या पेशंटवर खूश असतात कारण तो गोळ्या नीट घेतो.

काही रागावतातही, हे मी लपवणार नाही. ‘डॉक्टर तुम्ही की मी’ असं फटकारणारेही मी बघितलेत. तसं झालं तर त्या दिवशी वाद घालू नका, कागद तिथेच ठेवून या, केसपेपर आणि रिपोर्ट घेऊन घरी या, आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही, सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटलसुद्धा तिथेच आहे, मेडिसिनच्या ओपीडीत फाईल आणि गोळ्यांची पिशवी घेऊन जा. मुंबईत कुणी नातेवाईक असतील आणि तिकडे जाणं होणार असेल तर जे. जे. मध्ये म्हाताऱ्या माणसांच्या आजारांचा वेगळा विभाग आहे. दुसरं मत घेतलं म्हणजे पहिल्या डॉक्टरांशी संबंध तोडले असं होत नाही, परत त्यांच्याकडे जाऊन ‘यांनी असं सांगितलंय, तुम्हाला काय वाटतं’ असं विचारता येतं. पण एखादे डॉक्टर दर वेळी तुमचं अर्धवट ऐकून वयावर ढकलत असतील तर माझं मत स्पष्ट आहे, डॉक्टर बदलावा, ओळख कितीही जुनी असली तरी.

निघायच्या आधी खुर्चीत बसूनच एक करा, डॉक्टरांनी जे सांगितलं ते तुमच्या शब्दांत त्यांना परत म्हणून दाखवा. ‘म्हणजे ही गोळी बंद, ही नवी सकाळी नाश्त्यानंतर, आणि सूज दोन आठवड्यांत उतरली नाही तर फोन करायचा, बरोबर?’ यात बऱ्याचदा काहीतरी चुकीचं समजलेलं सापडतं आणि तिथल्या तिथे दुरुस्त होतं. फरक किती दिवसांत पडायला हवा आणि काय झालं तर लगेच यायचं हे विचारल्याशिवाय उठू नका. बदललेली गोळी घरी गेल्यावर डबीतून काढून टाका, जुनी आणि नवी दोन्ही चालू राहिल्याच्या केसेस काही थोड्या नाहीत.

हे पत्र तुमच्यासारख्याच पण घरात मुलगा, सून, नात कुणीच नाही अशा बायकाही वाचत असतील. त्यांच्यासाठी, सरकारची ज्येष्ठांची एल्डरलाइन आहे, १४५६७, फोनला पैसे पडत नाहीत, सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते, दवाखाना, योजना, त्रास याबद्दल माहिती आणि मदत मागता येते. शेजारचीला सोबत चल म्हणायला संकोच करू नका, पुढच्या वेळी तुम्ही तिच्याबरोबर जा.

काकू, नंबर मिळेपर्यंतचे हे दोन-चार दिवस सांभाळा. रात्री जाग आली की लगेच उठायचं नाही, पलंगावर पाय खाली सोडून एक मिनिट बसायचं, पावलं वरखाली हलवायची, मग धरून उभं राहायचं. बाथरूमपर्यंतचा दिवा रात्रभर चालू ठेवा, बिलाची काळजी करू नका, फरशी कोरडी आहे ना ते झोपायच्या आधी सुनेला बघायला सांगा, आतून कडी लावू नका. दुपारी तासभर पाय उशीवर वर ठेवून पडा, सूज थोडी ओसरते. बीपीची आणि लघवीची गोळी कशी घ्यायची ते उद्याच्या फोनवरच डॉक्टरांना विचारायला सांगा, नंबरची वाट बघू नका. आणि जाऊन आलात की काय झालं ते नातीकडून दोन ओळी लिहून पाठवा, मी वाट बघतेय.